डोक्यावर काय आहे, आणि कुणाच्या डोक्यावर नाही : जुन्या युरोपियन पोर्ट्रेट्समधल्या टोप्या

निरगुडी

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज मुहूर्त लागला. मोठं झालंय, सांभाळून घ्या.

मी नेदरलँड्समध्ये राहते. यंदा उन्हाळ्यात आबा (माझे वडील) पहिल्यांदाच इकडे आले. साताऱ्याकडचे, आयुष्य शेतीत गेलेलं, गांधी टोपीशिवाय मी त्यांना घराबाहेर कधी पाहिलेलं नाही. अ‍ॅमस्टरडॅमला राईक्सम्युझियमला नेलं, मनात धाकधूक होती की कंटाळतील. तर रेम्ब्रांटच्या 'स्टालमेस्टर्स'समोर आबा जे थांबले ते हलेचनात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: १६६२ चं चित्र, टेबलाभोवती काळ्या कपड्यातली माणसं, टेबलावर लाल गालिचा आणि एक उघडं बाड, आणि सगळे अशा नजरेने बघतायत की आपण नेमकं त्यांच्या बैठकीत दार उघडून आत आलोय. हे लोक कापड तपासणारे. शहरात रंगवलेल्या लोकरी कापडाचा दर्जा नमुन्याशी ताडून ठरवायचा आणि त्यावर शिशाचं सील मारायचं हे त्यांचं काम, स्टाल म्हणजे नमुना.

आबा दोन मिनिटं बघून म्हणाले, "त्यो मागं हुबा हाय त्यो ह्यांचा गडी हाय."
मी म्हटलं कशावरून?
"डोस्कं उघडं हाय की त्याचं."

मी हे चित्र याआधी तीन वेळा पाहिलंय. नजरा बघितल्या, गालिचा बघितला, प्रकाश कुठून येतो ते बघितलं, पण पाच जणांच्या डोक्यावर रुंद काठाच्या काळ्या हॅट्स आहेत आणि सहाव्याच्या नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! आणि आबा बरोबर होते. पाच जण अधिकारी, सहावा त्यांच्या कचेरीचा सेवक. त्याच्या डोक्याला चिकटलेली एक छोटी काळी टोपी आहे, पण ती हॅट नव्हे.

यात मला सगळ्यात भारी काय वाटलं सांगू का. आबांनी ओळखलं ते आपल्याकडच्या नियमाने. त्यांच्या लहानपणी बोडक्या डोक्याने चावडीवर जायचं नाही, मोठ्यांपुढे उभं राहायचं नाही, डोकं उघडं म्हणजे घरात काहीतरी वाईट घडलेलं असणार. युरोपात नियम उलटा. मोठ्या माणसापुढे पुरुषाने हॅट काढायची, म्हणजे ज्याला काढावी लागत नाही तो मोठा. दोन्ही नियम एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे, पण त्या चित्रात दोन्हीकडून उत्तर एकच येतं.

मग नादच लागला. पुढच्या आठवड्यात हेगला मॉरित्सहाउसमध्ये डॉ. टुल्पच्या शवविच्छेदनाचं चित्र (तेही रेम्ब्रांटचंच, १६३२) बघायला एकटी गेले आणि आधी डोकी मोजली. आठ जिवंत माणसं, हॅट फक्त टुल्पच्या डोक्यावर. बाकीचे सात जण बोडके. समोर पडलेला मृतदेह फाशी दिलेल्या चोराचा, त्याच्या अंगावर कमरेच्या फडक्याशिवाय काहीच नाही. आता ते चित्र मला एखाद्या शिडीसारखं दिसतं, वरच्या पायरीवर हॅट आणि खालच्या पायरीवर नागडं शरीर.

तर या धाग्यावर अशा टोप्या, हॅट्स, पागोटी, ओढण्या जमा करूया असं वाटतंय. तुम्ही कुठलं पोर्ट्रेट पाहिलंय ज्यात डोक्यावरची वस्तू काहीतरी सांगते?

पेठेतला

वा! वाखूसा (वाचनखूण साठवली). आबांना नमस्कार सांगा.

माझ्याकडून एक. लंडनच्या नॅशनल गॅलरीत यान व्हान आयकचं लाल फेटेवाला माणूस आहे, १४३३ चं. छोटंसं चित्र, पण त्या लाल फेट्याच्या घड्या बघून वेड लागतं. तेव्हा फ्लँडर्समध्ये (साधारण आजच्या बेल्जियमकडे) फेटे बांधायचे का? पूर्वेशी व्यापार असल्यामुळे असेल का?

कुंचला

@पेठेतला, तो फेटा नाही. सगळीकडे 'लाल फेटेवाला' असंच म्हणतात म्हणून गैरसमज पसरलाय. त्याला चॅपरोन म्हणतात. मुळात ते एक टोपरंच, खांद्यापर्यंत येणारं, पुढे चेहऱ्यापुरतं भोक आणि मागे लांब शेपूट. थंडीतलं साधं कुंची टाईप प्रकरण. चौदाव्या शतकात कधीतरी लोकांनी ते आडवं करून डोक्यावर ठेवायला सुरुवात केली, म्हणजे चेहऱ्याच्या भोकात डोकं घालायचं. मग भोकाच्या कडेला गुंडाळी आली, ती पुढे भरीव गोल चुंबळ झाली, खांद्यावरचा भाग एका बाजूला कोंबड्याच्या तुऱ्यासारखा लोंबायला लागला आणि शेपूट दुसऱ्या बाजूला. कष्टकऱ्याची कुंची शंभर वर्षांत ड्यूकच्या दरबारात जाऊन बसली. पूर्वेशी काही संबंध नाही.

या चित्रात शेपूट लोंबत नाहीये, ती डोक्यावर गुंडाळून बांधलीय, म्हणून फेट्याचा भास होतो. हे बहुधा व्हान आयकचं स्वतःचंच पोर्ट्रेट आहे, म्युझियमच्या पाटीवर मात्र प्रश्नचिन्ह ठेवलंय. मूळ फ्रेम शाबूत आहे, तिच्यावर २१ ऑक्टोबर १४३३ ही तारीख आणि 'मला जमेल तसं' अशा अर्थाचं त्याचं ब्रीदवाक्य आहे. ते ब्रीदवाक्य म्हणजे त्याच्या नावावरची कोटीसुद्धा आहे, आयक आणि 'इख' म्हणजे मी. चित्रकाराने स्वतःला रंगवताना सगळ्यात जास्त जागा आणि सगळ्यात झळझळीत रंग डोक्यावरच्या कापडाला द्यावा हे मला फार मोठं वाटतं. चेहरा अर्धा अंधारात आहे आणि कापड पेटलंय.

फेटेवाला दादा

मी लग्नसराईत फेटे बांधतो, वीस वर्षं झाली, म्हणून बोलतोय. चित्र मोबाईलवर मोठं करून बघितलं. कुंचला म्हणतात ते बरोबर आहे, हा एका लांब कापडाचा फेटा नव्हे. फेट्याला पीळ असतो, एकावर एक पदर एका दिशेने चढत जातात आणि शेवटी शेमला सुटतो. इथे पदर चढतच नाहीत, डावीकडे एक मोठा बोचका मोकळा सोडलाय, त्याच्या घड्या वेगळ्याच दिशेला आहेत. म्हणजे शिवलेलं कापड आहे आणि जास्तीचा भाग वर नेऊन अडकवलाय. पण चितारलंय असं की कापड लोकरीचं आहे, जड आहे, हे कळतं. सुती असतं तर कडा अशा गोल वळल्याच नसत्या.

सईची आई

छान धागा. सगळे पुरुषांच्याच टोप्यांबद्दल बोलतायत म्हणून बायकांकडून लिहिते.

पुरुषाने हॅट काढली की मान दिला, पण बाईचं तसं नव्हतं. लग्न झालेल्या बाईने केस झाकायचे, चर्चमध्ये झाकायचे, घरातही झाकायचे. व्हान आयकचंच आर्नोल्फिनी जोडपं घ्या (१४३४). नवऱ्याच्या डोक्यावर ती अवाढव्य काळी हॅट, गवताची विणलेली आणि काळी रंगवलेली, म्हणजे उन्हाळी. बायकोच्या डोक्यावर पांढरं कापड, कडेला झालरींचे थरावर थर. काळं आणि पांढरं, एकाच खोलीत. ती गरोदर आहे का नाही यावर लोक भांडत बसतात (फॅशन होती, कापड पुढे धरायची), पण मला आधी ते डोक्यावरचं कापड दिसतं, इस्त्री करायला किती वेळ लागला असेल ते दिसतं.

रोखिअर व्हान डेर वेडेनने रंगवलेल्या बाया बघा. वॉशिंग्टनला आहे ती, साधारण १४६० ची. ओढणी इतकी पातळ की आरपार दिसतं, केस मागे घट्ट ओढलेले, आणि ओढणीला लावलेली टाचणीसुद्धा रंगवलीय. झाकलं तर आहे पण झाकलेलं दाखवलंही आहे. माझ्या आजीच्या डोक्यावरचा पदर आठवला, ती नऊवारीचा पदर असा घ्यायची की केसांतलं फूल बरोब्बर दिसेल. आजी कधी बोलली नाही पण ते आपोआप होत नव्हतं हे आता कळतंय.

इंग्लंडमध्ये तर टोपीवरून राजकारण चालायचं. हॉल्बाइनने रंगवलेली जेन सेमूर (आठव्या हेन्रीची तिसरी राणी, चित्र व्हिएन्नात आहे) डोक्यावर जे घालते ते कौलारू घराच्या पुढच्या त्रिकोणासारखं दिसतं, कडक, टोकदार, केस जवळजवळ गायब. त्याला गेबल हूड म्हणतात. आधीची राणी अ‍ॅन बोलिन फ्रान्सच्या दरबारात वाढलेली, तिच्याभोवतीच्या बायकांत फ्रेंच हूड चालायचा, तो गोल, मागे सरकलेला, पुढचे केस दिसणारा. अ‍ॅनला मे १५३६ मध्ये मारलं. आणि १५३७ मध्ये अ‍ॅन बॅसेट नावाची तरुण मुलगी जेनच्या सेवेत आली तेव्हा तिला फ्रेंच हूड सोडून इंग्लिश पद्धतीचं घालायला लावलं. तिच्या घरच्या कारभाऱ्याचं पत्र आजही उपलब्ध आहे, त्यात तो लिहितो की हे तिला फ्रेंच हूडइतकं शोभत नाही, पण राणीची मर्जी. मला त्या मुलीचं फार वाईट वाटलं. नवीन राणी, जुन्या राणीचं डोकं उडवलेलं, आणि आपण डोक्यावर काय घालावं हे दुसरंच कुणीतरी सांगणार.

कुंचला

@सईची आई, सुंदर प्रतिसाद. एकच पुस्ती: अ‍ॅन बोलिनची हयातीतली एकमेव निर्विवाद प्रतिमा म्हणजे १५३४ चं शिशाचं पदक, ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि त्यात तिच्या डोक्यावर गेबल हूडच आहे! फ्रेंच हूडमधली तिची जी चित्रं आपण बघतो ती नंतरची. म्हणजे अधिकृत पदकावर छाप उमटवायची वेळ आली तेव्हा तिनेही इंग्लिश राणी म्हणूनच दिसायचं ठरवलं, असं मी तरी वाचतो.

इतिहासवेडा

निरगुडी, तुमच्या आबांच्या निरीक्षणावरून आठवलं. आपल्याकडे युरोपियन लोकांना नावच पडलं होतं 'टोपीकर'. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरासिस (फ्रेंच) या सगळ्यांना मिळून टोपीकर म्हटलंय. धर्म नाही, देश नाही, कातडीचा रंग नाही, डोक्यावर काय आहे त्यावरून ओळख. पागोटेवाल्या मुलखाला वेगळेपण तिथेच दिसणार.

आणि हॅट काढण्याचा प्रकार तिकडे किती गंभीर होता त्याचं उदाहरण. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक म्हणायचे माणसापुढे हॅट काढणार नाही, तो मान फक्त देवाचा. १६७० मध्ये विल्यम पेन आणि विल्यम मीड यांच्यावर लंडनला खटला चालला, रस्त्यावर प्रवचन दिलं म्हणून. कोर्टात आले तेव्हा त्यांच्या हॅट्स आधीच काढून घेतल्या होत्या. न्यायाधीशांनी त्या परत डोक्यावर ठेवायला लावल्या आणि मग कोर्टात हॅट काढली नाही म्हणून प्रत्येकी चाळीस मार्क दंड ठोकला. हाच पेन पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया वसवतो. स्पेनमध्ये वरच्या दर्जाच्या सरदारांचा मोठा हक्क कुठला, तर राजासमोर हॅट डोक्यावर ठेवणं. हे माहीत असेल तर त्या काळच्या पोर्ट्रेटमधली हॅट ही नुसती फॅशन राहत नाही. चित्र बघणारा समोर उभा आहे आणि चित्रातला माणूस हॅट काढत नाहीये, म्हणजे तो बघणाऱ्याला काय सांगतोय ते बघा.

उलट बाजूचं एक आपलं. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला होता, त्याने १७९२ साली सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं मोठं तैलचित्र केलं, ते लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. तिथे मालक काय, सेवक काय, डोकी झाकलेलीच. त्यामुळे तिथे टोपी आहे की नाही यावरून काही कळत नाही, कोण बसलंय आणि कोण उभं आहे ते बघावं लागतं.

तर्कट

धागा आवडला, पण एक शंका. सगळ्यात प्रतीकं शोधायचीच का? माणसाला थंडी वाजते, टक्कल असतं, डोकं दुखतं. दावीदने काढलेलं फ्रेंच क्रांतिकारक माराचं चित्र (१७९३) घ्या. बाथटबमध्ये मेलेल्या माराच्या डोक्याला पांढरं फडकं गुंडाळलंय, कुणी त्यात संत बघतो, कुणी शहीद. त्याला कातडीचा भयंकर रोग होता आणि तो व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं डोक्याला बांधायचा, एवढीच गोष्ट. व्हान गॉगने कान कापल्यानंतर जानेवारी १८८९ मध्ये स्वतःला रंगवलं, डोक्यावर फरची टोपी, खाली बँडेज. आर्ल्समध्ये जानेवारी होता, थंडी होती. त्याआधी पॅरिसमध्ये गवताच्या हॅटमधली सेल्फ पोर्ट्रेट्स केली कारण मॉडेलला द्यायला पैसे नव्हते, कॅनव्हासलाही नव्हते, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमधलं एक तर बटाटे सोलणाऱ्या बाईच्या चित्राच्या पाठीवरच काढलंय.

आणि माझं सगळ्यात लाडकं, शार्दांचं स्वतःचं पेस्टल (कोरड्या रंगकांड्यांनी काढलेलं चित्र), १७७५, लूव्रमध्ये. म्हातारा चित्रकार, डोक्याला फडकं बांधलेलं, कपाळावर डोळ्यांवर सावली धरणारी हिरवी झापड, नाकावर चष्मा. आयुष्यभर शिशाच्या रंगांनी डोळे खराब झाले म्हणून तेलरंग सोडून पेस्टलकडे वळलेला माणूस. यात कसलं प्रतीक? डोळे वाचवायची वस्तू आहे ती.

निरगुडी

@तर्कट, मुद्दा पटला, अर्धा. थंडी वाजत होती हे खरंच, पण थंडी वाजत असताना टोपी घालणं वेगळं आणि त्या टोपीत स्वतःला रंगवणं वेगळं ना. शार्दां ती झापड काढून, विग चढवून बसू शकला असता, त्या काळात सगळे तसेच बसायचे. त्याने कामाच्या कपड्यात, कामाच्या डोळ्यांनी आपल्याकडे बघायचं ठरवलं. मला त्या चित्रासमोर कायम भरून येतं.

होगार्थचंही तसंच, १७४५ चं, स्वतःचं आणि कुत्र्याचं. विग नाही, मऊ टोपी. तेव्हा विगखाली डोकं तासलेलं असायचं आणि घरी आल्यावर विग काढून अशी टोपी घालायचे, अंगात सैल झगा, त्या झग्याला इंग्रजीत बनियन म्हणायचे, आपल्याकडच्या वाणी-बनिया शब्दावरून.

आणि रेम्ब्रांटच्या बाबतीत तर ठरवून केलेलं आहे हे नक्की. १६४० चं सेल्फ पोर्ट्रेट, वय ३४, लंडनला आहे. डोक्यावर मखमली बेरे (मऊ, चपटी टोपी). तशी बेरे १६४० मध्ये कुणी घालत नव्हतं, शंभर वर्षांपूर्वीची फॅशन होती ती! आदल्या वर्षी अ‍ॅमस्टरडॅमला राफाएलने रंगवलेलं कास्टिलिओने या इटालियन दरबारी लेखकाचं पोर्ट्रेट लिलावात विकलं गेलं, साडेतीन हजार गिल्डरला, रेम्ब्रांटने तिथेच त्याचं झटपट स्केच केलं आणि किंमतही लिहून ठेवली. त्या पोर्ट्रेटमधली टोपी, तिशियनच्या एका चित्रातला कठड्यावर टेकवलेला हात, हे सगळं एकत्र करून स्वतःला राफाएल-तिशियनच्या ओळीत बसवलं. गिरणीवाल्याचा मुलगा! पुढे चित्रकार म्हटलं की बेरे हे समीकरण पक्कं झालं त्यात त्याचा मोठा वाटा. आणि म्हातारपणी लंडनच्या केनवुड हाउसमधल्या चित्रात साधी पांढरी कामाची टोपी, दोनचार फटकाऱ्यांत मारलेली. तोवर तो कर्जात बुडून घरदार विकून मोकळा झाला होता. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून एकदा बघा.

मांडवी

पणजीहून वाचतेय, भर घालते थोडी.

बेल्लिनीने रंगवलेला व्हेनिसचा दोजे (तिथला राज्यप्रमुख) लोरेदान (साधारण १५०१-०२). डोक्यावर शिंगासारखी मागे उंच होत गेलेली टोपी, तिला कॉर्नो म्हणजे शिंगच म्हणतात. ती फक्त दोजेची, दुसऱ्या कुणाची नाही. पण खाली नीट बघा, त्या भरजरी शिंगाच्या खाली साधी पांढरी तलम टोपी आहे आणि तिचे बंद कानाशी मोकळे लोंबतायत. त्या बंदांमुळे तो मला माणूस वाटतो.

दुसरं, राफाएलने रंगवलेला पोप दुसरा ज्युलियस (१५११-१२). लाल मखमलीची, पांढऱ्या फरची कड असलेली टोपी, कामाउरो. किरीट नाही, काही नाही, थकलेला म्हातारा खाली बघतोय. २००५ च्या डिसेंबरमध्ये पोप बेनेडिक्टने तशी टोपी घातली तर लोकांना सांताक्लॉज आठवला. मला ज्युलियस आठवला.

पेठेतला

मग व्हर्मीरची मोत्याच्या कानातल्यावाली मुलगी? तिचं तरी पागोटं आहे ना?

कुंचला

हो, ते पागोट्यासारखंच बांधलंय, निळं कापड आणि मागे पिवळं लोंबणारं. पण ते पोर्ट्रेट नाही. डच लोक त्याला ट्रोनी म्हणायचे, एखादा चेहरा, एखादा पेहराव यांचा अभ्यास, ठराविक व्यक्ती नव्हे. त्या काळच्या डच मुली रस्त्यावर असं बांधून फिरत नव्हत्या, त्या पेहरावाने ती लगेच दूरच्या मुलखातली होऊन जाते. निळा रंग मात्र खरंच दूरचा, अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासूनचा अल्ट्रामरीन. रेम्ब्रांटलाही पूर्वेच्या पागोट्यांचं वेड होतं, त्याने मुघल लघुचित्रांवरून केलेली वीसेक रेखाटनं शिल्लक आहेत, शहाजहानसुद्धा आहे त्यात.

सईची आई

एक राहिलंच. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत, १७८३. व्हिजे ल ब्रँ या चित्रकर्तीने तिला पांढऱ्या मलमलीच्या साध्या झग्यात आणि गवताच्या हॅटमध्ये रंगवलं. हॅट शेतावरच्या मुलीसारखी, फक्त रिबन आणि पिसं जास्त. पॅरिसच्या सलाँमध्ये (चित्रांच्या मोठ्या प्रदर्शनात) लावलं तर गदारोळ, राणी आतल्या कपड्यांत बसलीय म्हणून! चित्र उतरवावं लागलं, त्या जागी रेशमी पोशाखातलं दुसरं लावलं, गुलाब हातात तसाच. नऊ वर्षांनी, २० जून १७९२ ला जमाव राजवाड्यात घुसला आणि तिच्या नवऱ्याला क्रांतीची लाल टोपी डोक्यावर चढवायला लावली. ती टोपी रोमन काळात गुलामीतून सुटलेल्या माणसाच्या टोपीशी जोडली जायची. त्या राजाच्या डोक्यावर आणि त्या राणीच्या डोक्यावर, दोघांच्याही टोप्यांवर सगळ्या देशाने हिशोब केले.

निरगुडी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आबांना फोनवर तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, त्या गड्याचं नाव काय? बघून सांगितलं, फ्रान्स हेन्ड्रिक्स बेल. एक्स-रेमध्ये असं दिसलंय की रेम्ब्रांटने त्याची जागा चित्रात पुन्हा पुन्हा बदलली, कुठे उभा करावा ते ठरत नव्हतं. शेवटी मध्यभागी, सगळ्यांच्या मागे. आबा म्हणाले, "मधीच हाय की मग त्यो."

फेटेवाला दादा

एक सांगायचं राहिलं. रविवारी घरी जुन्या लोकरी शालीला टाके घालून ते चॅपरोन बनवून बघितलं, बायको शिवणकाम करते, तिने मदत केली. शेपूट मोकळी सोडली की वाकलं की पुढे येते, खांद्यावर टाकली तरी घसरते, मी रांगोळीचे रंग घेऊन बसलो होतो त्यात दोनदा बुडाली. वर गुंडाळून खोचली तर तासभर हलली नाही, दोन्ही हात मोकळे. पोर्ट्रेटसाठी बसणाऱ्याला अशी बांधायची गरजच नाही, त्याला नुसतं बसायचं असतं. ज्याला हातात ब्रश धरायचाय त्यालाच लागते. म्युझियमवाल्यांनी ते प्रश्नचिन्ह काढायला हरकत नाही असं माझं मत झालंय. फोटो उद्या टाकतो, मुलीचा फोन घेऊन.